मागचं इंजिन

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बाजीराव, मूळ गाव भाजे, मुक्काम लोणावळा, निवृत्त लोको पायलट. उभी नोकरी बँकरवर गेली. घाट चढवायला कर्जतला गाडीच्या मागे जी जादा इंजिनं जोडतात त्यांना आम्ही बँकर म्हणतो. लोणावळा आलं की ती सोडतात. गाडीतल्या लोकांना मागून कोणी ढकलत होतं याचा पत्ता नसतो, ते खिडकीतून धबधबे बघत असतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं तर थोडं वाटलं.

डायरी अनघाने दिली. आमची मुलगी, तळेगावला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि घरी आली की आम्हालाही सोडत नाही. "पप्पा, मनात येईल ते लिहा, हलकं वाटेल," म्हणाली. बघू.

आज पुण्याला दवाखान्यात गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे उजवं मूत्रपिंड काढलं. पुढे त्याच्या गाठी फुप्फुसात उगवल्या. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं इंजेक्शन चालू आहे. सुरुवातीला गाठी इतक्या आटल्या की बायकोने, चिमाने, अख्ख्या आळीत पेढे वाटले. आज डॉक्टर समीक्षा मॅडमनी स्कॅन बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन गाठी पुन्हा वाढताहेत.

मॅडम माणूस म्हणून चांगल्या. घाईत नसतात. म्हणाल्या, "काका, हे औषध स्वतः कॅन्सर मारत नाही. मारतात तुमच्या रक्तातल्याच पेशी. त्यांना गाठीने ब्रेक लावलेला असतो, औषध तो ब्रेक सोडतं."

"मग सुटला न्हाई का?"

"सुटलाय, तेच तर." त्यांनी गेल्या महिन्यात सुईने काढलेल्या तुकड्याचं चित्र संगणकावर दाखवलं. जांभळ्या रंगात तपकिरी ठिपके. "हे ठिपके म्हणजे तुमच्या पेशी. गाठीत शिरल्यात, पण बसून राहिल्यात. गाठ खादाड असते. आजूबाजूची साखर ती आधी ओढून घेते, वर आंबट पाणी सोडते. त्यात या पेशींच्या आतली वीजघरं मंदावतात. ब्रेक नाही, पण चालायला जोरही नाही."

मी म्हटलं, "म्हंजे पॅन्टो खाली हाय." मॅडमना कळेना. मग मी सांगितलं की इंजिनाच्या टपावरचा सांगाडा वर उचलून तारेला टेकवला तरच आत वीज येते. तो खाली असेल तर नुसता ब्रेक सोडून गाडी घाट चढत नाही, उलट मागे घसरते. मॅडम हसल्या. "अगदी हेच," म्हणाल्या.

एक नवी चाचणी सुरू होतेय. हेच इंजेक्शन आणि जोडीला एक गोळी, जी त्या वीजघरांना चालना देते असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांत किती चालते ते बघायचंय. "वचन देत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आता माझ्याकडे तुमच्यासाठी याहून चांगलं काही नाही. नोव्हेंबरात तपासणी करून घेऊ. तोवर तब्येत जपा."

येताना गाडीत कामशेत गेल्यावर चिमाने पिशवीतून भाकरी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

१५ सप्टेंबर, सोमवार

कान्ह्याहून गेणू आला. गेणू माझा असिस्टंट होता, एका केबिनमध्ये आमची अर्धी हयात गेली. सध्या तो मोबाइलवर डॉक्टर झालाय. म्हणाला, "भाऊ, क्यान्सर साखरेवर जगतो. साखर तोडा, तो उपाशी मरतो. समद्या जगाला ठावं हाय, डॉक्टर तेवढं सांगत न्हाईत."

एरवी मी त्याला उडवून लावलं असतं. पण मॅडम स्वतःच म्हणाल्या होत्या ना, की गाठ खादाड आहे, साखर ओढते? रात्रभर विचार केला. शेवटी माझ्या कामातलीच गोष्ट आठवली. घाटात जड गाडी आली की जीव मेटाकुटीला यायचा आणि हलकी आली की मजेत वर. चढ आहे तर आधी लोड कमी करायचं. एवढी साधी गोष्ट मला आधी कशी सुचली नाही!

ठरलं. साखर, गूळ, भात, भाकरी, बटाटा बंद. ताक, मुगाचं कढण, कारलं, पालेभाजी चालू. नोव्हेंबरात मॅडमपुढे हलका होऊन उभा राहायचं. आधी सांगायचं नाही. त्यांनाही जरा कळू दे की रेल्वेचा माणूस शिस्तीचा असतो.

चिमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "याड लागलं का? तन काढायला गडी आनायचा आन त्याला म्हनायचं, भाकर खाऊ नगं, न्हाई तर तन माजंल?"

बायकांना शास्त्र समजावणं अवघड आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

चिमा ऐकत नाही. ताटात भाकरी वाढतेच. मी भांडत नाही. ती चुलीकडे वळली की भाकरी लुंगीच्या ओच्यात, आणि हात धुवायला गेलो की मागच्या दारी काळ्यापुढे. काळ्या हा शेजारच्या अंबूबाईंचा कुत्रा. मोठा समंजस, आवाज न करता खातो.

वजन दीड किलो उतरलं. अंग हलकं वाटतंय. जिना चढताना धाप लागली, पण हवाच दमट आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. भाज्याच्या विहारात वंदनेला गेलो. दरवर्षी धम्मग्रंथाचं वाचन माझ्याकडे असतं. शिट्ट्या मारून मारून घसा तयार झालाय असं गेणू म्हणतो, पण आवाज चांगला आहे हे मात्र खरं. या वेळी वाचायला तो प्रसंग आला, ज्यात गौतम तप करकरून हाडांचा सापळा होतात, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागतो. मग त्यांना उमगतं की उपाशी देहात विचारही नीट होत नाही, आणि एका बाईने आणलेली खीर ते घेतात. मी असं रंगून वाचलं की दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला.

नंतर सगळ्यांना खीर वाटली. मी माझी वाटी "घरी नेतो" म्हणून झाकून घेतली. काळ्याने चाटूनपुसून साफ केली.

वाचताना चिमा बायकांत समोर बसली होती. नजर काढत नव्हती. मला वाटलं आवाजावर खूश आहे. रात्री विचारलं तर म्हणाली, "आज वाचलंत, त्ये तुमास्नी कळलं का?"

"मी वाचलं आन मलाच कळायचं न्हाई?"

ती दिवा मालवून झोपली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चिमा शेवटी वळणावर आली. परवापासून भाकरी वाढतच नाही. तुमचं काय ते कढण प्या म्हणाली, वाद संपला. संसारात थोडा नेट धरला की माणसं ऐकतात.

मुगाचं कढण हल्ली छान दाट होतं. मी विचारलं तर म्हणाली, "औंदाचं मूगच तसं हायेत." ताकही बदललंय, ओठाला काहीतरी चिकटतं. म्हशीचा चारा बदलला असणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. पण वजन पाहिजे तितक्या झपाट्याने उतरत नाही. एवढा कडक राहूनही गेल्या आठवड्यात काट्याने जेमतेम पाव किलो दाखवलं. आमची भाज्याची हाडंच जड.

दिवाळीच्या करंज्या समोर आल्या. हात लावला नाही. अनघा सुट्टीला नवऱ्याबरोबर कोकणात गेलीय, फोनवर विचारत होती, "पप्पा, जेवण जातंय ना?" मी म्हटलं, एकदम वेळापत्रकाप्रमाणे. खोटं बोललो नाही.

मनातली एक गोष्ट लिहून ठेवतो. रात्री झोप लागत नाही. भूक लागते तेव्हा मी गाठींचा विचार करतो, की मला एवढी लागलीय तर त्यांना किती लागली असेल. त्या विचाराने बरं वाटतं.

२ नोव्हेंबर, रविवार

स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला धरून खाली बसलो. ऊन होतं. एका फुगेवाल्याने पाणी दिलं. नेमकी अनघा तेव्हाच गाडीतून उतरून पुलावर येत होती. तिने मला पाहिलं आणि ओळखलंच नाही, पुढे गेली. मग वळली.

घरी आल्यावर तिने आईला विचारलं, "हे काय चाललंय?" चिमा म्हणाली, "त्यास्नीच इचार." मी सगळं शास्त्र सांगितलं, गाठीची भूक, घाटाचा चढ, लोड. अनघा ऐकत राहिली. तिला रडू फुटेल असं वाटलं, पण ती ओरडली. मुलीने बापावर ओरडावं असं आमच्या घरात आजवर झालं नव्हतं. "पप्पा, तुमच्या त्या पेशी कशावर जगतात? हवेवर?"

मी म्हटलं, "चौदा तारखेला मॅडमच सांगतील कोण बरोबर ते."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमनी सांगितलं.

आधी काट्यावर उभं केलं, मग हातात एक यंत्र देऊन दाबायला लावलं, मग बोळातून चालवलं. सप्टेंबरात चौसष्ट होतो. आज छप्पनला थोडं कमी. मी छाती पुढे काढून सांगितलं, की मॅडम, दोन महिन्यांत साखरेचा कण नाही, भाताचं शीत नाही, लोड उतरवलं. वाटलं होतं पाठीवर थाप मारतील.

मॅडमनी चष्मा काढला.

"काका, एवढ्या थोड्या दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त वजन गेलेल्या माणसाला चाचणीत घेता येत नाही. तसा नियमच आहे. आणि नियम नसता तरी मी घेतलं नसतं."

मी म्हटलं, "पन गाठ उपाशी..."

"गाठ उपाशी राहत नाही. तुम्ही खाल्लं नाही तर ती तुमच्या अंगातलं मांस वितळवून हवं ते मिळवते. तिला फरक पडत नाही. उपाशी राहिल्या त्या तुमच्या लढणाऱ्या पेशी. त्यांना साखरही लागते, प्रथिनंही लागतात." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तुम्हीच मला ते पॅन्टोचं सांगितलं होतं. तुम्ही डबे नाही काढलेत, काका. तुम्ही वरची तारच तोडत होता."

चाचणीची दारं डिसेंबर संपेपर्यंत उघडी आहेत. तोवर मी अठ्ठावन्नच्या वर आलो आणि हातापायात ताकद दिसली तर बघू म्हणाल्या. नाही तर नाही. नंतर नोंदी चाळत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण नुसत्या ताकावर आणि पालेभाजीवर खरं तर आणखी पाच-सहा किलो जायला हवे होते. रक्तातली प्रथिनंही बऱ्यापैकी टिकलीत. नवल आहे."

"आमची हाडं जड," मी म्हटलं. चिमा खिडकीतून बाहेरच्या गाड्या बघत होती.

परतताना मला भीती वाटली. ऑपरेशनला वाटली नव्हती तेवढी. आजार वरून आला होता, त्यात माझा दोष नव्हता. हे मात्र मी स्वतःच्या हाताने केलं, आणि वर शिस्त म्हणून मिरवलं. घोरावाडीच्या पुढे रडू आलं. चिमाने पदर दिला, तिच्या पदराला तुपाचा वास येत होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भावाने भाज्याहून नव्या इंद्रायणीचे तांदूळ पाठवले. भिजत घातल्यावरच घरभर वास सुटला. चिमाने खीर केली, वाटी पुढे ठेवली आणि समोर बसली. बोलायचं होतं ते तिने दसऱ्यालाच विचारून ठेवलं होतं. मला आज कळलं.

खीर खाल्ली. अर्ध्या वाटीत पोट तट्ट झालं. संध्याकाळी सगळी ओकली. तिने पुन्हा थोडी केली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उपाशी राहणं सोपं होतं. खाणं हे काम आहे. दर दोन तासांनी चिमा काहीतरी घेऊन उभी असते. अंडं, नाचणीची लापशी, भात-वरण, खजूर, दाण्याचा लाडू. मला पहिल्या घासाला मळमळतं. एकदा ताट सरकवलं आणि ओरडलो, की मी माणूस आहे का पोतं. ती म्हणाली, "पोतं भरायला सोपं असतं."

गेणू आला होता. दाराबाहेरच उभा राहिला, आत येईना. "भाऊ, माज्यामुळं झालं." मी म्हटलं, तू फक्त सिग्नल दाखवला, गाडी मीच हाणली. आत ये आणि लाडू खा, मला मदत होईल. आता तो मोबाइलवर रोज डिंकाचे फायदे पाठवतो. डिंक अमावास्येला खावा की पौर्णिमेला यावर त्याच्याकडे दोन मतं आहेत.

ताकद यावी म्हणून मॅडमनी चालायला सांगितलंय. सकाळी आळीच्या टोकापर्यंत जातो. अंबूबाई म्हणाल्या, "काळ्या लय वाळलाय हो भाऊ. मधी कसा गरगरीत झालता." मी काळ्याकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अठ्ठावन्नच्या वर गेलो! काट्यावर उभा राहण्याआधी चिमाने एक केळं खायला लावलं. मी म्हटलं ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "प्वाटात गेलं की तुमचंच."

हाताचं यंत्रही दाबलं. मॅडमनी सह्या घेतल्या. गोळी पिवळी आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढी. मी तळहातावर घेऊन बघत राहिलो. एवढ्याशा गोळीने पॅन्टो वर जाणार. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "काम करेलच असं नाही. हे शिकणं आहे, तुमच्यामुळे आम्हीही शिकणार." मी म्हटलं, मीही दोन महिने शिकलोय, महागात पडलं, पण शिकलो.

१० जानेवारी २०२६, शनिवार

पोट बिघडतं, अंगावर पुरळ आलाय. हे व्हायचंच, मॅडम म्हणाल्या. आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. स्कॅन पुढच्या महिन्यात.

बँकरवरही असंच असायचं. मागच्या इंजिनातून पुढचा सिग्नल दिसत नाही, रूळ दिसत नाही, समोर शेवटच्या डब्याची पाठ तेवढी. पुढच्याने शिट्टी दिली की आपण उत्तर द्यायचं आणि जोर लावायचा. बोगद्यात तर तेवढंच. नवी पोरं विचारायची, "न दिसता कसं ढकलता?" मी सांगायचो, पुढच्यावर भरवसा ठेवायचा. आता मी पुढे आहे आणि मागे कोण आहे ते मला दिसत नाही. गोळी आहे की काहीच नाही?

१८ जानेवारी, रविवार

चिमा कालपासून तिकोणा पेठेला गेलीय. तिच्या बहिणीच्या नातीचं बारसं. जाताना चार दिवसांचं रांधून ठेवलं, पण सकाळी मला मुगाच्या कढणाची आठवण आली. उपासाच्या काळात तेवढं एकच गोड लागायचं. म्हटलं आपण करू. त्याच डब्यातले मूग घेतले. शिजवले, घोटले, मीठ, हळद, जिरं घातलं.

पाणी झालं. पुन्हा घोटलं. तरी पाणीच. वाटलं मूग कमी पडले, आणखी घातले. दाट झालं, पण ती चव नाही, तो गुळगुळीतपणा नाही.

मग फळीवर हात घातला. मुगाच्या डब्यामागे दाण्याचं बारीक कूट, साय कढवून केलेल्या तुपाची बरणी आणि दुधाच्या पावडरीचं पाकीट, तोंड दोऱ्याने बांधलेलं. बरणी तळाला गेलेली. दोन चमचे कूट आणि चमचाभर तूप कढणात घातलं. तीच चव.

मी जमिनीवरच बसलो. ताक ओठाला चिकटायचं. यंदाचे मूगच तसे. म्हशीचा चारा. काट्याने जेमतेम पाव किलो दाखवलं म्हणून मी चिडलो होतो. मॅडम म्हणाल्या होत्या की खरं तर आणखी पाच-सहा किलो जायला हवे होते. पाच-सहा किलो आणखी गेले असते तर डिसेंबरात मी अठ्ठावन्नला पोचलो असतो का? मी हाडांना श्रेय दिलं, आणि ती खिडकीतून गाड्या बघत बसली.

मी उभा जन्म मागून ढकलण्यात घालवला. शेवटच्या डब्यातल्या माणसालाही आपण आहोत हे कळत नाही म्हणून मनात खंत धरली. आणि माझ्याच घरात मला कोण ढकलत होतं ते मला तीन महिने कळलं नाही. वर लिहून ठेवलं, संसारात नेट धरला की माणसं ऐकतात! ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, राहू दे.

संध्याकाळी तिला फोन लावला. म्हटलं, "कवा येनार?"

"का? कढन जमंना व्हय?"

मी फोन कानाला धरून बरणी फळीवर ठेवली. तिकडे बारशाचा गलका चालला होता. मग ती म्हणाली, "तूप संपलं आसल. येताना आनते."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

स्कॅन.

बाकावर बसलो होतो. अनघाने माझा एक हात धरलेला, चिमाने पिशवी. मॅडमनी बोलावलं. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता आणि त्यांनी तो काढला नाही. मी तेवढंच बघत होतो.

मोठी गाठ तिसऱ्या हिश्शाने आटलीय. दुसरी होती तेवढीच आहे, वाढलेली नाही. पुन्हा सुईने तुकडा घेतला होता, त्याचं चित्र त्यांनी जुन्या चित्राशेजारी लावलं. तपकिरी ठिपके वाढलेत आणि पसरलेत. "बसलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कामाला लागलेत."

"म्हंजे आमी बरं झालो?" चिमाने विचारलं. ती स्वतःविषयी बोलल्यासारखं बोलली.

"नाही, मावशी. एवढं लगेच म्हणता येणार नाही. पुढे पुन्हा अडकू शकतं, काही पेशंटना काहीच फरक पडलेला नाही. पण काकांची गाडी सध्या वर चाललीय."

मॅडमना सगळं सांगितलं. कूट, तूप, दुधाची पावडर. त्या मोठ्याने हसल्या, मग गंभीर झाल्या. तुपाने गाठ आटली असं कोणाला सांगू नका म्हणाल्या, गेणूला तर मुळीच नाही. "पण गोळी सुरू करता आली ती मावशींमुळे. हे मात्र सांगा."

चिमा लाजली. मी तिला एवढ्या वर्षांत लाजताना फार थोडं पाहिलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

भाज्याच्या लेण्यांवर गेलो. लहानपणी दिवसातून दोनदा पळत चढायचो. गेल्या दोन वर्षांत पायथ्याच्या वर गेलो नव्हतो.

रविवार म्हणून पुण्या-मुंबईची पोरं पायऱ्यापायऱ्यांवर मोबाइल धरून उभी होती. मी चिमाला म्हटलं, "तू पुडं व्हय, मी हळूहळू येतो."

"न्हाई. तुमी व्हा पुडं."

निघालो. थांबत, बसत, पाणी पीत. शेवटचा टप्पा उभा आहे. तिथे छाती भात्यासारखी हलायला लागली आणि मनात आलं, पुरे, इथूनच हात जोडू. तेवढ्यात पाठीला हात टेकला. जोर फार नव्हता. पण होता.

मी वळून पाहिलं नाही. दोन बोटं तोंडात घातली आणि नोकरीत द्यायचो तशी लांब शिट्टी दिली. पोरं दचकून बघायला लागली.

मागून चिमा म्हणाली, "व्हय, हाय मी. चला."